ओमनी व्हॅनचा टायमिंग पट्टा : तुटण्याआधी बदला



ट्रॅक्टर, डिझेल इंजिन आणि विजेची मोटर यांची निगा कशी राखावी हे तुम्हाला सांगायला नको. पण अलीकडे बऱ्याच वाड्यावस्त्यांवर आणखी एक वाहन दारात उभं असतं. पहाटे त्यात दुधाच्या किटल्या जातात, दुपारी भाजीच्या जुड्या जातात, आणि रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या तर तालुक्याच्या दवाखान्यातही तेच जातं. ते म्हणजे मारुतीची ओमनी व्हॅन. ही गाडी १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८ पासून तिला ओमनी हे नाव मिळालं आणि २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर जी ओमनी दिसते ती जुनीच समजायची. जुनी असली तरी तिची कामं कमी झालेली नाहीत.

या गाडीत एक भाग असा आहे, जो ना आवाज करतो, ना धूर काढतो, ना गळतो. बरा असतो तोवर बरा असतो, आणि तुटतो तेव्हा एका क्षणात तुटतो. तो भाग म्हणजे टायमिंग बेल्ट, आपण त्याला टायमिंग पट्टा म्हणू.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना या पट्ट्याचा विसर पडतो, यात नवल नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम बहुधा लोखंडी दातेरी चाकं करतात, ती वर्षानुवर्षं तेलात फिरत राहतात आणि त्यांना कुणी हात लावत नाही. त्यामुळे 'तेल बदललं, फिल्टर बदलला, झालं' अशी आपली सवय. ओमनीला तेवढ्यावर भागत नाही.

हा पट्टा करतो काय?

ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. खाली क्रँकशाफ्ट, तो पिस्टनच्या जोरावर फिरतो. वर हेडमध्ये कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे हा पट्टा. वरचं चाक खालच्या चाकाच्या दुप्पट दात्यांचं असतं, म्हणून खालचा शाफ्ट दोनदा फिरला की वरचा एकदा फिरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर खालचा शाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. यात केसाएवढीही चूक चालत नाही.

दारं धरायला गेलेला माणूस आणि मोटरीजवळचा माणूस यांचा मेळ बसला नाही तर काय होतं, ते आठवून पाहा. इकडे मोटर सुरू झाली आणि तिकडे दार उघडलंच नाही, तर पाट फुटतो. पाणी यायच्या आधी दार उघडून ठेवलं, तर पाणी भलत्याच वाफ्यात जातं. इंजिनातही हवा आणि पेट्रोल आत घेण्याची एक वेळ, धूर बाहेर सोडण्याची एक वेळ, आणि दोन्ही दारं घट्ट मिटून दाब धरण्याची एक वेळ. ही वेळ पाळतो तो टायमिंग पट्टा. नाव म्हणूनच टायमिंग.

पिठाच्या गिरणीचा पट्टा सपाट असतो. तो जरा घसरला तर जातं हळू फिरतं, एवढंच. टायमिंग पट्ट्याला घसरून चालत नाही, म्हणून त्याला आतून दाते असतात. अंग रबराचं आणि पोटात ताण सोसणारे बारीक धागे. रबर म्हटलं की उष्णता, तेल आणि वय हे तीन शत्रू आलेच. गाडी पळाली तर पट्टा झिजतो, आणि नुसती गोठ्याशेजारी उभी राहिली तरी रबर हळूहळू वाळतं. 'आमची गाडी फारशी फिरत नाही, मग पट्टा कशाला बदलायचा?' असं कुणी म्हणालं तर त्याला हेच सांगा.

कधी बदलायचा?

गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत जो आकडा दिलेला असेल तोच प्रमाण माना. पुस्तिका हरवली असेल, आणि ती बहुधा हरवलेलीच असते, तर साधारण अशा पट्ट्यांचं आयुष्य ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान धरतात. आपल्याकडे धूळ, चढ, ओझं आणि उन्हाळा बघता ६० हजाराच्या बाजूला राहणं बरं. आणि किलोमीटर भरले नाहीत तरी चार-पाच वर्षांनी पट्टा बदलावाच.

आता खरी अडचण. जुन्या गाडीचा किलोमीटरचा काटा खरं बोलतोच असं नाही. स्पीडोमीटरची केबल तुटून गाडी दोन वर्षं तशीच पळालेली असते. विकणाऱ्याने काटा मागे फिरवलेला असू शकतो. म्हणून ओमनी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतली असेल आणि पट्टा केव्हा बदलला याचं बिल समोर नसेल, तर तोंडी सांगण्यावर जाऊ नका. 'मागच्या दिवाळीला बदललाय' हे प्रत्येकच विकणारा म्हणतो. बैल घेताना आपण दात बघतो. इथे दात बघायला कव्हर काढावं लागतं, आणि कव्हर काढलंच आहे तर नवीन पट्टा घालून घेणं शहाणपणाचं.

कव्हर काढल्याशिवाय पट्टा दिसत नाही, हीच तर या विसराळूपणाची मुळी. उघडून पाहिला तर ही चिन्हं बघा : पाठीवर आडव्या भेगा, कडेचे धागे सुटलेले, दात्यांच्या मुळाशी चीर, एखादा दाता गायब, किंवा रबर काचेसारखं चकचकीत आणि कडक झालेलं. पट्ट्यावर तेलाचा ओलावा दिसला तर तो पट्टा कितीही नवा असो, बादच.

तुटला तर काय होतं?

चालती गाडी एकदम बंद पडते. धक्का नाही, धडपड नाही. कधी 'टक्' असा एक आवाज येतो, कधी तोही नाही. मग सेल्फ मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि भराभर फिरतं, पोकळ वाटतं, पण सुरू होत नाही. अशा वेळी आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला : 'चला रे पोरांनो, द्या धक्का!' तो इथे करू नका. पट्टा तुटलेला असताना व्हॉल्व्ह जिथल्या तिथे थांबलेले असतात आणि तुम्ही धक्क्याने पिस्टन वरखाली करत असता. ज्या इंजिनात पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांच्यात जागा नसते तिथे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतो, आणि पट्ट्याच्या कामाचं हेड उतरवण्याचं काम होऊन बसतं.

काही मिस्त्री सांगतात की जुन्या कार्बोरेटरच्या ओमनीत पट्टा तुटला तरी आत काही होत नाही. त्यांचं म्हणणं ऐकून घ्या, पण त्या भरवशावर पट्टा तुटेपर्यंत थांबू नका. व्हॉल्व्ह वाचला तरी घाटाच्या वळणावर, मागे लादलेला माल आणि आत बायकापोरं, अशा वेळी गाडी बंद पडणं हेच पुरेसं मोठं संकट आहे.

पट्टाच तुटलाय की दुसरं काही, हे रस्त्यावरही ओळखता येतं. इंजिनच्या वरच्या झाकणावरचं तेल घालायचं टोपण काढा. दुसऱ्याला अगदी क्षणभर सेल्फ मारायला सांगा आणि आत बघा, मात्र बोट घालू नका. आतले रॉकर हलत असतील तर पट्टा शाबूत आहे. सेल्फ फिरतोय पण रॉकर ढिम्म, तर पट्टा गेला. कार्बोरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरची टोपी काढूनही कळतं. तो कॅमशाफ्टवरच चालतो, म्हणून पट्टा तुटला की आतला रोटर फिरत नाही. एवढी खात्री झाली की पुन्हा सेल्फ मारायचा नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ओढत न्यायची.

कधी पट्टा तुटत नाही, एखादा दाता उडी मारतो. मग गाडी सुरू होते पण जड होते. चढाला दम धरत नाही, कार्बोरेटरमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये फटफट करते, पेट्रोल जास्त पिते. लोक प्लग बदलतात, कार्बोरेटर दोनदा उघडून साफ करतात, पेट्रोलपंपाला नावं ठेवतात. टायमिंगची खूण तपासायचं मात्र कुणाला सुचत नाही.

नुसता पट्टा नको

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो.

दूध गोळा करणाऱ्या एका बंधूंनी ओमनीचा पट्टा वेळेवर बदलून घेतला. मिस्त्री म्हणाला, 'खालच्या सीलमधून थोडं तेल दिसतंय, पण चालेल.' यांनीही विचार केला, चालतंय तर चालू दे. वर्षही झालं नाही तोच नवा पट्टा तेलाने फुगला, दाते उकलले, आणि पहाटेच्या फेरीत गाडी बंद पडली. दुपारपर्यंत किटल्यांतलं दूध नासलं. दुसरा पट्टा, दुसरी मजुरी, आणि दूध गेलं ते वेगळंच. सील ही पट्ट्याच्या मानाने किरकोळ किमतीची वस्तू होती.

म्हणून पट्टा उघडला की त्याच्यासोबत या गोष्टी बघायच्या.

टेन्शनर : पट्टा ताणून धरणारी ही लहानशी चकती, तिच्या पोटात बेअरिंग असतं. हातात घेऊन फिरवा. गुळगुळीत आणि बिनआवाज फिरली पाहिजे. वाळू अडकल्यासारखी खरखर लागली, डुगडुगली, किंवा एकदा फिरवल्यावर भिंगरीसारखी सुटून फिरत राहिली, म्हणजे आतलं ग्रीस संपलं. माझं मत विचाराल तर पट्ट्यासोबत टेन्शनर बदलाच, तपासत बसू नका. जुना टेन्शनर जाम झाला तर नव्या पट्ट्याला तासाभरात खातो. त्याची स्प्रिंग सैल पडली असेल तर तीही नवी घ्या.

ऑइल सील : एक खाली क्रँकशाफ्टच्या तोंडाशी, एक वर कॅमशाफ्टच्या तोंडाशी. दोन्ही पट्ट्याच्या चाकांमागे लपलेली असतात, म्हणून एरवी त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही. दोन्ही बदलून टाका. सील बसवताना तिच्या ओठाला थोडं इंजिन तेल लावायचं आणि सरळ, सारख्या दाबाने आत ढकलायची. पेचकसाने एका बाजूने ठोकली तर ती पहिल्याच दिवशी गळते.

वॉटर पंप : या इंजिनात वॉटर पंप टायमिंग पट्ट्यावर नाही, बाहेरच्या फॅन बेल्टवर चालतो. पण कव्हर काढण्यासाठी त्याची पुली उतरवावीच लागते. तेव्हा पंपाचा दांडा धरून हलवून बघा. खेळ लागला किंवा पंपाच्या पोटाखालच्या भोकातून पाण्याचे डाग उतरलेले दिसले, तर पंप आताच बदला. पंप बदलला की पाणी नव्याने भरावं लागेल. त्यात विहिरीचं किंवा बोअरचं मचूळ पाणी ओतू नका. आपल्या भागातल्या क्षाराच्या पाण्याने चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांना धरतो. कूलंट आणि त्यासोबत शुद्ध पाणी, हेच घाला.

फॅन बेल्ट : काढलाच आहे तर नवाच घाला. तो बसवल्यावर दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने चांगला दाबून बघा, साधारण ६ ते ९ मिलिमीटर दबला पाहिजे. याहून सैल असेल तर बॅटरी चार्ज होत नाही आणि इंजिन तापतं. फार ताणला तर वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

सुटे भाग घेताना खोका आणि त्यावरची छपाई नीट बघा, पक्कं बिल मागा. रस्त्याकडेच्या टपरीवर निम्म्या भावात मिळणारा पट्टा घेऊ नका. बियाणं घेताना पिशवीवरची खूणचिठ्ठी बघता ना, तसंच.

काम कसं चालतं

हे काम ज्यांचा हात पान्यावर बसलेला आहे त्यांनीच करावं. पण मालकाला पायऱ्या ठाऊक असल्या की मिस्त्रीनं कुठे घाई केली ते समजतं. म्हणून सांगतो.

इंजिन थंड हवं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, बॅटरीची ऋण तार काढलेली, गॅसकिट असेल तर सिलिंडरचा कॉक बंद. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावायचेच. यात तडजोड नाही.

पुढची सीट उचलली की वरचं काम करता येतं, काही काम खालून करावं लागतं. १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने आणि गोटी पाने लागतात. आधी फॅन बेल्ट आणि वॉटर पंपाची पुली निघते, मग खालची क्रँकची पुली, मग कव्हर. स्पार्क प्लग काढून ठेवले तर इंजिन हाताने सहज फिरतं.

आता मुख्य गोष्ट : खुणा. वरच्या चाकावर एक खूण असते, ती मागच्या कव्हरवरच्या खाचेसमोर आणायची. खालच्या चाकावर ठिपक्यासारखी खूण असते, ती ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणासमोर आणायची. जुना पट्टा चढलेला असतानाच इंजिन पान्याने खालच्या बोल्टवरून, समोरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून दोन्ही खुणा एकदम जुळवायच्या. जुळल्या की मगच टेन्शनर सैल करून पट्टा काढायचा. पट्टा निघाल्यावर वरचं चाक किंवा खालचं चाक वेगवेगळं फिरवायचं नाही. हात लागला, कापड अडकलं, 'जरा फिरवून बघतो' असं कुणी म्हणालं, तर थांबवा.

जुन्या पट्ट्यावर आणि चाकांवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून नवा पट्टा तशाच दात्यांवर चढवायची काहींची पद्धत असते. सोयीची आहे. पण मागच्या वेळी कुणी एक दाता चुकवला असेल तर तुम्ही तीच चूक जपून नव्या पट्ट्यावर उतरवाल. गाडीच्या मूळ खुणाच प्रमाण.

नव्या पट्ट्यावर बाण छापलेला असेल तर तो इंजिन फिरण्याच्या दिशेकडे हवा. पट्ट्याची घडी घालू नका, तो पिळू नका, तेलकट हाताने धरू नका. तो चढला की टेन्शनरचा बोल्ट सैलच ठेवून स्प्रिंगला पट्टा ताणू द्यायचा. पहारीने किंवा पेचकसाने ताण देणारे मिस्त्री आहेत. त्यांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. पट्टा फार ताणला की शिट्टीसारखा आवाज करतो आणि बेअरिंग खातो, ढिला राहिला की कव्हरवर आपटतो.

मग खालचा शाफ्ट पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. दोनच का? खालचे दोन फेरे म्हणजे वरचा एक. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्या पाहिजेत. फिरवताना कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, मागे जाऊन खुणा तपासायच्या. खुणा जुळल्या की टेन्शनर आवळायचा, तोही टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतल्या मापाने. एका दात्याचाही फरक दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. 'एवढ्याने काही होत नाही' हे वाक्य या जागी मान्य करू नका.

पट्टा तुटल्यानंतर नवा घालत असाल तर गाडी सुरू करण्याआधी तिन्ही सिलिंडरचा दाब मापून घ्या. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे आले तर व्हॉल्व्ह वाचले. एखादा अगदीच खाली असला तर हेड उतरवावं लागेल. पण ते माप घेण्याआधीच कुणी हेड उतरवा म्हणत असेल तर दुसऱ्या मिस्त्रीला विचारा. कार्बोरेटरच्या गाडीला शेवटी टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ तपासून घ्यायची.

कव्हर परत लावताना सगळे बोल्ट आणि कडेची रबरी पट्टी जागेवर आहे ना बघा. चार बोल्टांच्या जागी दोनच लावून पाठवलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात. त्या फटीतून पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा आत जातो, बारीक खडा दात्यांत सापडला तर पट्टा उडी मारतो.

काम संपल्यावर जुना पट्टा, टेन्शनर आणि सील मागून घ्या आणि तिथेच बघा. पट्ट्यावर तेल असेल तर ते कुठून आलं ते विचारा. मग एका कागदावर तारीख, काट्यावरचा किलोमीटर आणि काय काय बदललं ते लिहून तो कागद चिकटपट्टीने दाराच्या आतल्या बाजूला लावा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी गाडीखाली एक जुना पुठ्ठा सरकवून ठेवा. त्यावर तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका दिसला तर लगेच गाडी परत दाखवा. नवा फॅन बेल्ट सुरुवातीला थोडा सैल होतो, म्हणून साधारण ५०० किलोमीटर झाल्यावर त्याचा ताण एकदा अंगठ्याने पुन्हा तपासून घ्या.